पटकथा शिकायला आणि विकायला कोणती पुस्तकं वाचावी? (गावात राहून)

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली. एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) हिशेब सांभाळते, हंगामात वजनकाट्यावरही बसावं लागते. कथा लिहिते, काही दिवाळी अंकांत छापूनही आल्या. पण सध्या डोक्यात जी गोष्ट आहे ती कथेत मावून नाही राहिली. ती मला दिसते. ट्रॅक्टरांची रांग, काट्यावरचा लाल आकडा, हवेत उडणारी रुई. म्हणून पटकथा लिहायची ठरवली आहे.

इथे विचारायला कोणी नाही. तालुक्याच्या वाचनालयात नाटकं भरपूर, पटकथेचं एकही पुस्तक नाही. ऑनलाइन शोधलं तर इंग्रजी पुस्तकांची भली मोठी यादी येते आणि जो तो वेगळं नाव सांगतो. पैसे घालून भलतंच पुस्तक घरी यायला नको. मराठी किंवा हिंदी असेल तर उत्तम, इंग्रजी वाचते पण सावकाश.

दुसरं, लिहून झाल्यावर विकायची कशी? मुंबईत ओळखीचं कोणी नाही. पाठवली आणि कोणी ढापली तर? यावर काही वाचायला आहे का?

मोर्णाकाठ
ताई, इंग्रजीतलं एकच घ्यायचं असेल तर सिड फील्डचं 'स्क्रीनप्ले' घ्या. १९७९ सालचं आहे, पण भाषा सोपी आणि सांगणं सरळ. एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, एकूण १२० पानं. पहिली ३० पानं मांडणीची, मधली ६० संघर्षाची, शेवटची ३० सोडवणुकीची. आणि या भागांच्या सांध्यावर अशी एक घटना, की गोष्ट दुसरीकडेच वळते. वाचताना आपण दहादा पाहिलेला एखादा सिनेमा लावायचा आणि घड्याळ पाहत थांबत थांबत पाहायचा. आपोआप समजते.

रॉबर्ट मॅकीचं 'स्टोरी' (१९९७) सगळेच सांगतील. चांगलं आहे, मी दोनदा वाचलं, पण पहिलं पुस्तक म्हणून नको. एक मसुदा लिहून झाल्यावर वाचलं तर त्यातलं आपल्याला काय लागू पडते ते कळते. आधीच वाचलं तर माणूस लिहायलाच घाबरतो.

टिकोजी
मॅकी वाचून तीन वर्षं एक प्रवेश लिहू न शकलेला माणूस अकोल्यात कोण आहे ते सगळ्यायले माहीत आहे. नाव घेत नाही भाऊ :)

झाडीकर
मी थोडं वेगळं सांगतो. मी झाडीपट्टीतल्या वडश्याच्या नाटक कंपन्यांसाठी नाटकं लिहितो. आमच्याकडे दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. गावात मंडई (म्हणजे जत्रा) नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक. दहाच्या सुमारास सुरू झालं की पहाटेपर्यंत. माणसं थंडीत घोंगडी घेऊन बसलेली असतात. कंटाळा आला की उठून चहाच्या टपरीवर जातात, आणि कोणता प्रवेश पडला ते लेखकाला तिथल्या तिथे कळते. असं शिक्षण कोणतं पुस्तक देणार?

त्या १२० पानांच्या हिशेबात मध्यंतर कुठे आहे? तो हिशेब अमेरिकेतल्या सिनेमाचा. आपला प्रेक्षक मध्यंतरात बाहेर येऊन काय बोलतो यावर पुढचा सिनेमा उभा राहतो. आमचे नट परशुराम खुणे, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना, ते घडले रंगमंचावर. ताईंना माझा सल्ला आहे की या हंगामात जमतील तेवढी नाटकं मागे बसून पाहा. स्टेजकडे कमी, लोकांकडे जास्त.

गोंदणवेल
झाडीकर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, हे मला पटलं नाही. नाटक माणसाच्या तोंडून चालते. सिनेमात बाई नुसती आकड्याकडे पाहते आणि नजर खाली घालते, तेवढ्यात प्रवेश होऊन जातो. पऱ्हाटीला लाल आकडा दिसतो आहे. तिला संवादांच्या शाळेत पाठवलं तर तो आकडा हरवेल. आणि दारव्ह्याहून वडसा किती लांब, रात्रभराच्या नाटकाला एकट्या बाईने जायचं कसं, हेही पाहावं लागते ना.

झाडीकर
अंतराचं मान्य. बायकांचं मात्र तसं नाही, मंडईला लेकी माहेरी येतात आणि नाटकाला घरचं घर येऊन बसते.

पुस्तकांशी माझं वैर नाही. मला कामी आलेलं पुस्तक सांगतो. लायोस एग्रीचं 'द आर्ट ऑफ ड्रॅमॅटिक रायटिंग', १९४६ चं. नाटकावरचं आहे, पण सिनेमावालेही वाचतात. त्याचं म्हणणं असं की गोष्ट एका वाक्यात सिद्ध करायची असते, जसं 'बेलगाम महत्त्वाकांक्षा माणसाचा स्वतःचाच नाश करते', आणि मग प्रत्येक पात्र त्या वाक्याच्या बाजूने नाहीतर विरुद्ध उभं राहते. माझ्या एका नाटकातला विनोदी सरपंच मी हे वाचून काढून टाकला. लोकायले तो आवडत होता, पण गोष्टीत त्याचं काहीच काम नव्हतं.

आणि भरताच्या नाट्यशास्त्रातले पाच संधी, म्हणजे कथानकाचे सांधे, वाचा. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. बीज कुठे पेरायचं, मध्येच ते दिसेनासं कधी करायचं, पुन्हा कधी दाखवायचं, सगळं त्यात आहे. गर्भ आणि विमर्श यांच्यामध्ये आपलं मध्यंतर बरोबर बसते.

मोर्णाकाठ
हे झकास सांगितलं. फील्डनेही नंतरच्या वर्कबुकात मध्यबिंदू आणला, म्हणजे ६० पानांच्या आसपासचा. पहिल्या पुस्तकात मधली ६० पानं ओसाडच वाटतात. आपल्याकडे मध्यंतर असल्यामुळे ती अडचण निम्मी सुटते.

सेवाग्राम
हिंदीबद्दल कोणीच बोललं नाही. आपल्या भागात हिंदी सगळ्यांना वाचता येते, मग इंग्रजीचा हट्ट कशाला?

मनोहर श्याम जोशी यांचं 'पटकथा लेखन : एक परिचय' सर्वात आधी. 'हम लोग' आणि 'बुनियाद' लिहिणारा माणूस. गप्पा मारल्यासारखं लिहिलं आहे, उदाहरणं आपल्या ओळखीची. कल्पनेपासून पटकथेपर्यंतची एकेक पायरी धरून नेतात. दुसरं असगर वजाहत यांचं 'पटकथा लेखन : व्यावहारिक निर्देशिका'. दोन्ही पुस्तकं इंग्रजी पुस्तकांपेक्षा बरीच स्वस्त.

आणि गुलजार यांचे मंजरनामे, म्हणजे त्यांच्या सिनेमांच्या छापलेल्या पटकथा. 'आंधी', 'मौसम' वगैरे. वाचकाला अडखळायला होऊ नये म्हणून त्यांनी ते कादंबरीसारखे वाचता येतील असे मांडले आहेत, त्यामुळे नेमका आराखडा त्यातून शिकता येणार नाही. पण एक प्रवेश कुठे सोडायचा आणि दुसरा कुठे पकडायचा, हे त्यांच्याइतकं सुंदर कुठेच सापडलं नाही मला. मी वर्ध्याला हिंदी विश्वविद्यालयात नाटक-सिनेमाच्या विभागात होतो. आमच्याकडे वादविवाद व्हायचे ते याच पुस्तकांवर.

बोरीअरब
कोणाकडे यातल्या कशाची पीडीएफ आहे का? ग्रुपवर टाका न.

संपादक
बोरीअरब, खाली कोणीतरी दिलेला दुवा काढला आहे. लेखकांच्या हक्काबद्दलच्या धाग्यावर फुकट पीडीएफ वाटणं बरं दिसत नाही. कायदेशीररीत्या मोफत असलेलं साहित्य जरूर सांगा.

मोर्णाकाठ
मग हे सांगतो. बीबीसी रायटर्सचं (आधीचं रायटर्सरूम) संहितांचं दालन आहे, तिथे चित्रित झालेल्या मालिकांच्या खऱ्या संहिता मोफत वाचता येतात. आराखडा कसा असतो हे दहा मिनिटांत कळते. प्रवेशाच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. मग वर्तमानकाळात कृती. मग मध्ये पात्राचं नाव, खाली संवाद. पात्राच्या मनात काय चाललं आहे ते लिहायचं नाही, जे कॅमेऱ्याला दिसेल आणि कानाला ऐकू येईल तेवढंच.

शाळामास्तर
पऱ्हाटीताई, तुमच्या तालुक्याचं वाचनालय शासनमान्य असेल तर त्यांना दरवर्षी अनुदानातून ग्रंथखरेदी करावी लागते. ग्रंथपालांकडे लेखी मागणी द्या, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, सगळं लिहून. तोंडी सांगितलेलं विसरलं जाते. मी आमच्या गावात अशीच बरीच पुस्तकं आणवली. अजून दोन-तीन वाचकांच्या सह्या घेतल्या तर काम पक्कं.

शिकण्याबद्दल माझा एक मार्ग. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या वाचा आणि मग १९७९ चा 'सिंहासन' पाहा. दोन जाड कादंबऱ्यांतून तेंडुलकरांनी पटकथेत काय उचललं, काय सोडलं, कोणती दोन माणसं जवळ आणली, हे वहीत लिहून काढा. त्या दोन्ही कादंबऱ्या कोणत्याही बऱ्या वाचनालयात मिळतात. नंतर तेंडुलकरांनीच लिहिलेला 'मंथन' पाहा, पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. गावातलं सहकाराचं राजकारण माणसांच्या आपसातल्या नात्यांतून कसं दाखवायचं, ते जिनिंगची गोष्ट लिहिणाऱ्याने पाहायलाच पाहिजे.

टिकोजी
मास्तरांनी गृहपाठ दिला आहे, सोमवारी वह्या तपासल्या जातील.

अंधेरी_लोकल
मी मूळचा मंगरूळपीरचा, इथे मुंबईत मालिकांसाठी लिहितो. विकण्याबद्दल सांगतो, कारण तो प्रश्न मागे पडतोय.

विकण्यावरची इंग्रजी पुस्तकं जपून वाचा. ती हॉलिवूडच्या एजंट पद्धतीवर लिहिलेली असतात. तिकडे एजंट संहिता घेऊन स्टुडिओकडे जातो. इथे बहुतेक वेळा लेखक स्वतः दिग्दर्शकाला किंवा निर्मात्याला गोष्ट ऐकवतो, त्याला नॅरेशन म्हणतात. त्याची तयारी कोणत्याच पुस्तकात नाही. गोष्ट तोंडी सांगायचा सराव करा, आधी पंधरा मिनिटांत, मग दोन तासांत. ऐकणाऱ्याने मोबाइल कधी हातात घेतला ते लक्षात ठेवा. इथे झाडीकरांचं म्हणणं अगदी लागू पडतं.

तरीही ब्लेक स्नायडरच्या 'सेव्ह द कॅट'चं (२००५) पहिलं प्रकरण वाचाच. एका वाक्यात गोष्ट सांगता आली पाहिजे, आणि त्या वाक्यात विरोध दिसला पाहिजे, हे त्याने फार चांगलं पटवलंय. त्याचे पुढचे १५ टप्पे मात्र डोळे झाकून भरू नका. त्या साच्यात बसवलेल्या संहिता इथे निर्मात्यांसाठी संहिता वाचणाऱ्यांना पाचव्या पानावर ओळखू येतात. या धंद्याची आतली हवा समजून घ्यायची असेल तर विल्यम गोल्डमनचं 'अ‍ॅडव्हेंचर्स इन द स्क्रीन ट्रेड' (१९८३), त्यात त्याची एक अख्खी पटकथाही छापली आहे. आणि आपल्याकडचं म्हणाल तर जावेद अख्तर यांच्याशी नसरीन मुन्नी कबीर यांनी केलेली दीर्घ बातचीत, 'टॉकिंग फिल्म्स', १९९९.

कागद कोणते लागतात? एक वाक्य, एका पानाचा सारांश, चार-पाच पानांत अख्खी गोष्ट शेवटासकट, आणि पूर्ण पटकथा. शेवट लपवू नका. 'पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा' असं लिहिलेला सारांश कोणी पूर्ण वाचत नाही. ओळख नसलेल्यांसाठी एक दार म्हणजे एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) स्क्रीनरायटर्स लॅब, २००७ पासून आहे. 'द लंचबॉक्स'ची पटकथा तिथे घडली. निवड झाली तर अनुभवी मार्गदर्शक तुमच्या संहितेवर तुमच्यासोबत बसतात आणि गोव्याच्या फिल्म बाजारात निर्मात्यांसमोर मांडायची संधी मिळते. एफटीआयआयचे (पुण्याची सरकारी फिल्म संस्था) लहान मुदतीचे पटकथेचे वर्गही असतात, पुण्याबाहेर आणि ऑनलाइनसुद्धा. मुंबईत येऊन खोली घेण्याआधी हे करून पाहा.

गोंदणवेल
हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या गावचा एक पोरगा बारावीनंतर विदर्भ एक्स्प्रेसने गेला, काही महिन्यांत घरची एक एकर विकावी लागली त्याच्या राहण्यापायी. लिहिलेलं एक पानही त्याच्याजवळ नव्हतं. आधी लिहा, मग तिकीट काढा.

पुसदकर_वकील
चोरीच्या प्रश्नावर.

पहिली गोष्ट, नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. नाटककाराचं म्हणणं होतं की माझ्या नाटकावरून सिनेमा काढला. न्यायालय म्हणालं, विषय, कल्पना, कथानक यावर मक्तेदारी नाही, ज्या पद्धतीने तुम्ही ते मांडलं त्याला संरक्षण आहे. नाटककार हरला. म्हणून 'जिनिंगवर सिनेमा' एवढंच कोणाला सांगून ठेवलं तर हातात काही राहत नाही. प्रवेशांसकट पूर्ण लिहिलेली संहिता असेल तर राहते.

दुसरं, नोंदणी. लिहिल्या क्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण पुरावा लागतो. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांच्या संहिता ऑनलाइन नोंदवून घेते, त्यासाठी अंधेरीला जावं लागत नाही. केंद्राच्या कॉपीराइट कार्यालयातही साहित्यकृती म्हणून नोंदवता येते, शुल्क ५०० रुपये. कोणालाही पाठवण्याआधी यातलं एक करा आणि ईमेलनेच पाठवा, म्हणजे तारीख राहते.

तिसरं सर्वात महत्त्वाचं, करार. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम १८ आणि १९ प्रत्येक लेखकाने वाचावं. ही दोन-तीन पानं मला कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा मोलाची वाटतात. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेणाऱ्याने एक वर्षात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर. म्हणूनच निर्मात्यांच्या छापील करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द असतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, निर्मात्याला नाही.

झाडीकर
वकीलसाहेब, हे आमच्या नाटकवाल्यांनाही लागू आहे काय? आमच्याकडे एकरकमी मानधन हातात ठेवतात, कागद काहीच नाही. तेच नाटक पुढच्या हंगामात दुसरं नाव लावून चालते.

पुसदकर_वकील
नाटकालाही नाट्यकृती म्हणून हाच कायदा लागू आहे, भाऊ. लेखी सही नसेल तर हक्क तुमच्याकडून गेलेलाच नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वेगळं बोलू. साधा एका पानाचा मराठी करारनामा करून देतो, तुमच्या बाकीच्या लेखकांनाही चालेल.

पऱ्हाटी
सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोन दिवस नुसती वाचून राहिली आहे. अंधेरी_लोकल दादांनी सांगितलं तसं एक वाक्य करून पाहिलं. नोंदणी व्हायची आहे, तरी एवढं इथे टाकते, वकील काकांनी रागावू नये:

'मालकाच्या सांगण्यावरून काटा मारणारी एक मुलगी, एक दिवस तिच्याच बापाचा ट्रॅक्टर काट्यावर येतो.'

मोर्णाकाठ
अंगावर काटा आला.

टिकोजी
आणि मालकाने तोही मारला.

अंधेरी_लोकल
फार चांगलं आहे. आता एक प्रश्न: ती घटना नेमकी कधी होते? पहिल्या ३० मिनिटांत बाप आला तर पुढची गोष्ट ती काय करते याची. मध्यंतराला आला तर पहिला अर्धा भाग ती या कामात कशी शिरली याचा. शेवटी आला तर तो धक्का आहे, गोष्ट नाही.

गोंदणवेल
मला वाटते मध्यंतराला. आणि तिने बापाचाही काटा मारावा. बाप काही बोलत नाही, पावती घडी करून खिशात ठेवतो. त्याला ठाऊक आहे की नाही, हे तिला समजत नाही. उरलेला सिनेमा घरात, रात्रीच्या जेवणाच्या ताटावर.

झाडीकर
बापरे. गोंदणवेल ताई, तुम्ही आमच्या कंपनीसाठी लिहाल काय?

पऱ्हाटी
ताई, हे मला सुचलंच नव्हतं. मी तिला बापाच्या वेळेस खरं वजन करायला लावलं होतं. ओलाव्याच्या नावाखाली जी कटती होते, तिच्यावर तिचं आणि मालकाचं भांडण, असा शेवट धरला होता. पण तुम्ही सांगितल्यावर भांडणाची गरजच नाही वाटत. अजून एक विचारायचं राहिलं. संवाद वऱ्हाडीत लिहू की प्रमाण मराठीत? मुंबईचा निर्माता वाचेल काय?

शाळामास्तर
वऱ्हाडीतच. एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' वाचा, उद्धव शेळके यांची 'धग' वाचा. त्यातली माणसं दुसऱ्या भाषेत बोलूच शकत नाहीत. २००९ चा 'गाभ्रीचा पाऊस' आपल्याकडच्या शेतकऱ्यावर होता आणि त्यातली बोलीच त्याचं बळ होतं.

अंधेरी_लोकल
सहमत, एका अटीवर. कृतीचं वर्णन साध्या प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत. सारांश हिंदीत किंवा इंग्रजीतही करून ठेवा, कारण पैसे घालणारा मराठी असेलच असं नाही. आणि वऱ्हाडी म्हणजे प्रत्येक वाक्यात 'काऊन बे' नव्हे. विनोदी कार्यक्रमांनी आपल्या बोलीचं फार नुकसान केलं आहे. बोली लिहायची तर दुःखातल्या माणसाची लिहून पाहा, मग ती किती खोल आहे ते कळेल.

सेवाग्राम
टायपिंग युनिकोडमध्येच करा. तालुक्याच्या टायपिंग सेंटरवर जुन्या फॉन्टमध्ये करून देतात, समोरच्याच्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतात. पाठवताना पीडीएफ. आणि एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजीच्या ठरावीक अक्षराचा आहे, देवनागरीत तो जुळत नाही. पानं मोजू नका. प्रवेश मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

पऱ्हाटी
ठरवलं. जोशींचं आणि वजाहतांचं हिंदी पुस्तक मागवलं. फील्डसाठी वाचनालयात लेखी मागणी दिली आहे, बाजूच्या मेडिकलवाल्या काकांची आणि एका शिक्षिकेची सही घेऊन. कलम १८ आणि १९ ची प्रत काढून आणली. 'सिंहासन' सिनेमा त्या दोन्ही कादंबऱ्या वाचून झाल्यावर पाहीन. सीतादहीचा, म्हणजे कापूस वेचणीचा, हंगाम सुरू होईपर्यंत पहिला मसुदा करायचा आहे, एकदा काट्यावर बसले की वेळ नाही मिळत.

शाळामास्तर
तुमच्या ग्रंथपालांनी 'पुस्तक उपलब्ध नाही' असा शेरा मारला तर प्रकाशकाचा पत्ता मी देतो.

मोर्णाकाठ
मसुदा झाला की इथेच कळवा. वाचून दाखवायला अकोल्याला या, चार-पाच जण जमवतो. मोबाइल बाहेर ठेवायला लावू.

टिकोजी
माझा ठेवू नका, मला पाहायचं आहे मी कधी हातात घेतो ते.